हलक्या रायफलवर किती वजनाचा स्कोप? (एल्कच्या पहिल्या शिकारीआधी)

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: रायफल टिक्का कंपनीची टी3एक्स लाइट, .308 काडतुसाची. ऑक्टोबरच्या शेवटी अमेरिकेत, कोलोरॅडोच्या फ्लॅट टॉप्स डोंगरांमध्ये एल्कची, म्हणजे मोठ्या हरणाची शिकार. बार 400 यार्डांपलीकडे टाकायचा नाही. आणि दुकानदार 5-25x56 स्कोप (रायफलवरची दुर्बीण; 5 ते 25 पट मोठं दाखवणारी, पुढची काच 56 मिमीची) घ्या म्हणून मागे लागलाय.

तो घेऊ नका. तसल्या स्कोपचं वजन दोन पौंडांच्या आसपास जातं आणि तुमची अख्खी रायफल साडेसहा पौंडांची आहे. शिवाय सगळा भार वरच्या अंगाला बसला की रायफल हातात कलायला लागते. फ्लॅट टॉप्समध्ये तुम्ही दहा हजार फुटांवर चालणार, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, तेही पाठीवर सॅक घेऊन. तिसऱ्या दिवशी अर्धा पौंडही जाणवतो.

मग वजन कमी करायचं कशातून? मॅग्निफिकेशनमधून (किती पट मोठं दिसतं त्यातून) आणि पुढच्या काचेच्या व्यासातून. एल्कच्या फुप्फुसांचा भाग साधारण दीड फुटाचा असतो. 400 यार्डांवरचं जनावर 10x मधून तुम्हाला चाळीस यार्डांवर उभं असल्यासारखं दिसतं. याहून जास्त कशाला हवं? 18x वर उलट तुमच्या छातीची धडधड काचेत दिसते आणि कळपातलं नेमकं कुठलं जनावर धरलं होतं ते हरवतं. साइड पॅरॅलॅक्सची चकतीही (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो, तो दोष अंतराप्रमाणे घालवणारी) वगळली तर चालेल. 42 मिमी काच आणि 150 यार्डांना बांधलेलं पॅरॅलॅक्स असेल, तर 400 यार्डांवर जास्तीत जास्त दीडेक इंचाची चूक होते, तीही डोळा अगदी कडेला गेला तरच.

मात्र आतल्या यंत्रणेच्या मजबुतीतून वजन कमी करू नका. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या दुसऱ्या हंगामात मी सर्वांत हलका मिळेल तो स्कोप लावला होता. दगडगोट्यांच्या उतारावर पाय घसरला, रायफल खांद्यावरून खडकावर आपटली. काच फुटली नव्हती, ओरखडाही नव्हता, म्हणून तसाच पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी 380 यार्डांवर एल्कची एक मादी आडवी उभी होती. बार टाकला, ती कमानीसारखी वाकली आणि झाडीत गेली. दोन दिवस माग काढला. रक्त पहिल्या दिवशी दुपारनंतर दिसेनासं झालं. ती सापडली नाही. परतल्यावर कागदी निशाण्यावर गोळ्या मारून पाहिलं तर 100 यार्डांवर गोळी अडीच इंच उजवीकडे जात होती. 380 वर तेच साडेनऊ इंच होतात. त्या जनावराचं काय झालं असेल हे अजून मनातून जात नाही, आणि म्हणूनच हे उत्तर लांबतंय. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली. घरात कुणी बोट धरून शिकवणारं नसतं, तर निदान हे तरी कुणी सांगायला हवं.

स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या रिंगांकडेही तितकंच लक्ष द्या. पोलादी रेल आणि जाडजूड रिंगा लावल्या तर स्कोपमध्ये वाचवलेलं वजन तिथेच परत येतं. टॅलीच्या लाइटवेट रिंगा ॲल्युमिनियमच्या एकाच तुकड्यातून बनतात, रिंग आणि रायफलच्या मध्ये वेगळा बेस (पट्टी) लागत नाही, आणि टिक्कासाठी मिळतात. स्क्रू अंदाजाने आवळू नका, टॉर्कचा (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा) स्क्रूड्रायव्हर घ्या आणि रिंगवाल्याने दिलेला आकडा पाळा. बेसच्या स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावण्याआधी तेल पुसून काढा.

आता नावं. ल्यूपोल्ड व्हीएक्स-3एचडी 3.5-10x40 साधारण 13 औंसांचा आहे (16 औंसांचा एक पौंड). त्याची नेमाची उंची बदलणारी सीडीएस-झेडएल चकती झिरोवर, म्हणजे नेम जुळवून ठेवलेल्या खुणेवर, कुलूप लावल्यासारखी अडकते, त्यामुळे सॅकला घासून आपोआप फिरत नाही. खिसा परवानगी देत असेल तर स्वारोव्स्की झेड5 3.5-18x44, साधारण 16 औंस, संध्याकाळच्या उजेडात सुंदर. मी स्वतः नाइटफोर्स एसएचव्ही 3-10x42 वापरतो. तो 21 औंसांच्या आसपास आहे, म्हणजे पहिल्यापेक्षा अर्धा पौंड जड. त्या मादीनंतर मी तो अर्धा पौंड आनंदाने वाहतो. तुमच्या जागी मी असतो तर 20 औंसांची मर्यादा धरली असती आणि तेराच्या खाली गेलो नसतो.

उजेडाचं म्हणाल, तर कोलोरॅडोत सूर्यास्तानंतर अर्धा तासच बार टाकता येतो. तेवढ्यासाठी 56 मिमी काच नको. 40 ची काच 8x वर ठेवली की डोळ्याला 5 मिमीचं प्रकाशाचं वर्तुळ मिळतं, तेवढं पुरतं. रेटिकल (काचेतली नेमाची फुली) साधं, जाडसर घ्या; पहिल्या फोकल प्लेनमधलं, म्हणजे मॅग्निफिकेशन कमी केलं की स्वतःही लहान होणारं, बारीक जाळीचं रेटिकल 3x वर अंधाऱ्या स्प्रूसच्या झाडीत दिसतच नाही.

स्कोपमध्ये वाचलेले पैसे गळ्यातल्या 10x42 दुर्बिणीत घाला. जनावर शोधायचं ते दुर्बिणीने. स्कोपने डोंगर न्याहाळणं म्हणजे भरलेली रायफल समोरच्या नारिंगी जॅकेटातल्या माणसावर रोखणं. हे एकदाही करू नका.

ऑगस्टमध्येच स्कोप बसवा. 200 यार्डांवर झिरो केलंत तर 165 ग्रेन वजनाची गोळी 300 वर साधारण 8 ते 9 इंच आणि 400 वर 23 ते 25 इंच खाली जाईल. नेमका आकडा तुमच्या रायफलने कागदावर काढा. मग रायफल रिकामी करून, बोल्ट बाहेर काढून, जाड चटईवर दीड फुटावरून दोन्ही कुशींवर पाडा आणि पुन्हा तीन गोळ्या मारा. जागा हलली तर स्कोप परत करायला अजून वेळ असेल. आणि डोंगरात पोहोचल्यावर, तंबू ठोकायच्या आधी, परवानगी असलेल्या जागी एक गोळी कागदावर मारून बघा. तिथे कधी पडलात, रायफल आपटली, तर पुन्हा तपासल्याशिवाय जनावरावर नेम धरू नका, मग समोर कितीही मोठा नर उभा असो.