आज्ञा चौथी की पाचवी?

प्रश्न : मुलगी 6 वर्षांची आहे. बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी 'आईवडिलांचा मान राख' ही आज्ञा संडे स्कूलमध्ये पाचवी शिकवतात, तिची कॅथलिक मैत्रीण चौथी म्हणते. बरोबर काय? पाठांतर कसे घ्यावे?
– एक आई, ऐरोली

उत्तर : दोन्ही बरोबर. मजकूर एकच (बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 20 वा अध्याय), मोजणी वेगळी. कॅथलिक आणि लुथरन (मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) 'अन्य देव नकोत' आणि मूर्तींविषयीची आज्ञा एकत्र धरतात, शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या मात्र दोन करतात. म्हणून आधी वाक्य पक्के करा, आकडा नंतर.

पाठांतरासाठी धर्मशिक्षणातले आठवड्याला एकच प्रश्नोत्तर, रोज 5 मिनिटे पुरेत. नेहमी त्याच क्रमाने विचारले की मूल चालीवर म्हणते आणि मध्येच विचारल्यावर अडते. म्हणून क्रम बदला, कधी तिलाच प्रश्न विचारू द्या. ल्यूथरने 1529 च्या प्रश्नोत्तरीत (धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तर-पुस्तिकेत) प्रत्येक आज्ञेनंतर 'याचा अर्थ काय?' असे विचारले, ते फार मोलाचे आहे. प्रभूच्या प्रार्थनेत देवाकडे 'आमची ऋणे सोड' असे मागतो, त्यातले 'ऋण' इंग्रजी माध्यमातल्या मुलांना कळतच नाही. आधी 'उसने घेतलेले, अजून न फेडलेले' असे सांगा, मग देवाच्या क्षमेकडे या. चुकली तर रागावू नका. प्रार्थना ही परीक्षा वाटायला लागली की मूल ती टाळते.