पैठणीच्या ऑनलाइन दुकानासाठी ‘ग्रीन’ होस्टिंग आणि थ्री-डी ट्राय-ऑन घ्यावं का?

तुम्ही विचारलंय ते असं: येवल्याहून हातमागाच्या पैठण्या ऑनलाइन विकता, साइट फोनवर रडतखडत उघडते, आणि साइट बनवणाऱ्यांनी ‘ग्रीन’ होस्टिंग (हरित विजेवर चालणाऱ्या सर्व्हरवर साइट ठेवणं) आणि थ्री-डी ट्राय-ऑन (साडी अंगावर कशी दिसेल हे पडद्यावर दाखवणं) असे दोन खर्च सुचवलेत.

माझं मत विचाराल तर दोन्ही सध्या थांबवा. साडीच्या दुकानात डेटा आणि वीज सगळ्यात जास्त खातात ते फोटो. त्याहून मोठी नासाडी होते ती रंग वेगळा निघाला म्हणून साडी परत येते तेव्हा. तिचं जाणं-येणं आणि पुन्हा पॅकिंग सर्व्हर बदलून भरून निघत नाही. पान हलकं करायचं, पण रंग खरा ठेवून, हेच मुख्य काम आहे.

आधी मोजा. क्रोमची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क विभागात ‘डिसेबल कॅश’वर खूण करा (म्हणजे आधी साठवलेल्या फाइली वापरल्या जाणार नाहीत), मोबाइलचा आकार निवडा आणि साडीचं एक पान तळापर्यंत सरकवा. खाली ‘ट्रान्सफर्ड’ म्हणून आकडा येतो, तो लिहून ठेवा. एका साडीचे १० फोटो प्रत्येकी ८०० केबीचे असतील तर नुसत्या फोटोंचेच ८ एमबी झाले. सगळं धरून दीड एमबीचं लक्ष्य ठेवा, ते जमतं.

आता फोटो, कारण खरी गडबड इथेच होते. फोटोग्राफर बऱ्याचदा अडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या रंगपटात फाइल देतात. फाइल लहान करणारी बरीच साधनं त्यातली रंगाची प्रोफाइल (रंगपट कोणता हे सांगणारी नोंद) काढून टाकतात, पण रंग बदलून घेत नाहीत. मग ब्राउझर ती फाइल एसआरजीबी (वेबचा नेहमीचा रंगपट) समजतो आणि राणी रंग विटका, मोरपंखी मळकट दिसतो. गिऱ्हाइकाच्या हातात साडी पडली की ‘फोटोत असा नव्हता’ हे ऐकावं लागतं. म्हणून आधी एसआरजीबीत रूपांतर करा, मगच आकार कमी करा.

दुसरी चूक म्हणजे सगळे फोटो सरसकट वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात टाकणं. लॉसी (थोडा तपशील गाळून लहान केलेलं) वेबपी रंग नेहमी ४:२:० पद्धतीने साठवतं, म्हणजे चार पिक्सेलमागे रंगाचा एकच नमुना. चेहऱ्याच्या फोटोत हे कळतही नाही. हिरव्या अंगावरची लाल बुट्टी किंवा काठातली बारीक रेघ असली की मात्र कडेचा रंग पसरतो आणि विणकराचं काम छापील वाटायला लागतं. पूर्ण साडीच्या फोटोला वेबपी चालेल, पण काठ-पदराच्या जवळच्या फोटोंना एव्हीआयएफ हा नवा प्रकार, तेही ४:४:४ (प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा साठवणारा), वापरा. फोटो लहान करायला नोडची (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टची) शार्प लायब्ररी वापरत असाल तर एव्हीआयएफसाठी ती मुळातच ४:४:४ धरते. क्वालिटी ५० पासून सुरू करा, फोन दिवसाच्या उजेडात खऱ्या साडीशेजारी धरून बघा, जरीचे धागे एकमेकांत विरघळलेले दिसले तर ६० करा. आयफोनला एव्हीआयएफ आयओएस १६ पासून कळतं, त्यामुळे जुन्या फोनसाठी पिक्चर टॅगमध्ये (एकाच फोटोचे पर्यायी प्रकार देणाऱ्या एचटीएमएल खुणेत) जेपेगही ठेवा.

प्रत्येक फोटो ४८०, ८०० आणि १२०० पिक्सेल रुंदीत तयार करा. झूमसाठी २००० चा ठेवायला हरकत नाही, पण तो बोट लावल्यावरच उतरू द्या. इथे ‘साइझेस’ (फोटो पडद्यावर किती रुंद दिसणार हे ब्राउझरला सांगणारी सूचना) लिहायचं हमखास राहून जातं. मग शेजारी-शेजारी दोन फोटो असलेल्या यादीतही ब्राउझर फोटो पूर्ण रुंदीचा समजतो आणि ८०० ऐवजी १२०० चा उचलतो, म्हणजे सव्वादोन पट पिक्सेल. लेझी लोडिंग (फोटो पडद्याजवळ आल्यावरच उतरवणं) खालच्या फोटोंना लावा. सगळ्यात वरच्या फोटोला लावलंत तर पान उलट उशिरा दिसतं.

मराठी मजकुरामुळे फॉन्टचाही भार पडतो. वॉफ-२ (वेबसाठी दाबून लहान केलेला) प्रकार आणि दोनच जाडी पुरतात. फॉन्ट छाटताना (नको ती अक्षरं काढून फाइल लहान करताना) पानावरची सुटी अक्षरं मोजून छाटू नका, जोडाक्षरं तुटतात. देवनागरीचा अख्खा युनिकोड गट, रुपयाचं चिन्ह, जोडाक्षरांसाठीची अदृश्य चिन्हं (झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे) आणि फॉन्टचे अक्षरं जोडण्याचे सगळे लेआउट नियम ठेवा. मग ‘दुसऱ्या’, ‘जरीच्या’, ‘क्षणी’ असे शब्द वाचून तपासा.

साडीचं पान महिनोन्‌महिने बदलत नाही, तेव्हा प्रत्येक भेटीला डेटाबेस हलवायची गरज नाही. पान एकदाच तयार करून सीडीएनवर (गिऱ्हाइकाजवळच्या सर्व्हरांच्या जाळ्यावर) ठेवा. मात्र हातमागाच्या साडीचा बहुधा एकच नग असतो. साठवलेलं जुनं पान पाहून विकलेली साडी दुसरीकडून मागवली जाते आणि पैसे परत करायची वेळ येते. त्यासाठी ‘शिल्लक आहे का’ एवढंच उत्तर वेगळ्या छोट्या विनंतीने ताजं मागवा, त्यावर कॅश नको, आणि पैसे भरण्याच्या पानावर नग काही मिनिटांसाठी राखून ठेवा.

थ्री-डी ट्राय-ऑनबद्दल: साडीला मापाचा प्रश्न जवळपास नसतो, तो शिवलेल्या ब्लाउजला असतो, आणि तिथे सेंटिमीटरमधला नीट तक्ता जास्त उपयोगी. साडीत प्रश्न असतो झळाळीचा. धूपछाव पैठणीचा रंग हलवल्याशिवाय कळतच नाही. त्यासाठी खिडकीच्या उजेडात पदर हलवतानाचा ६ सेकंदांचा, आवाज नसलेला व्हिडिओ घ्या. एका सेकंदाला १ मेगाबिट धरलं तर तो ७५० केबीचा होतो. प्रीलोड (आधीच उतरवून ठेवणं) बंद ठेवा, म्हणजे दाबल्यावरच उतरेल आणि दीड एमबीच्या हिशेबात येणार नाही. एआयने बनवलेल्या ट्राय-ऑनचं तर प्रत्येक चित्र नव्याने जीपीयूवर (भरपूर वीज खाणाऱ्या प्रोसेसरवर) तयार होतं, आणि त्यातला काठ तुमच्या साडीचा असेलच असं नाही. हातमागाच्या मालाला हे मला अजिबात पटत नाही.

स्पेक्युलेशन रूल्स हे नवं तंत्र गिऱ्हाइकाने दाबण्याआधीच पुढचं पान तयार ठेवतं. त्याची पातळी ‘इगर’ (उतावीळ) ठेवलीत तर कोणी न उघडलेल्या साड्यांची पानंही उतरतात. ‘मॉडरेट’ (मध्यम) ठेवा.

होस्टिंग बदलायचंच असेल तर दोन प्रश्न विचारा: एआरएम (कमी वीज खाणारा) प्रोसेसर मिळतो का, आणि हरित वीज वर्षाच्या हिशेबात प्रमाणपत्रं घेऊन दाखवता की तासातासाला जुळवता? आपल्या देशाच्या वीज-ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, आणि रात्री सूर्य नसल्याने कोळशाचा वाटा वाढतो. बॅकअप आणि फोटो बारीक करण्याची कामं सवयीने रात्री २ ला लावलेली असतात, ती दुपारी ११ ते ३ मध्ये आणा. याला खर्च काहीच नाही.

साइटवर ‘पर्यावरणपूरक दुकान’ असा शिक्का मारण्याआधी एक लक्षात घ्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या हरित दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, आणि मोघम दाव्याला पुरावा द्यावा लागतो. सुरुवातीला लिहून ठेवलेला आकडा, आताचा आकडा आणि मोजल्याची तारीख, एवढंच लिहा.