अमेरिकेत लहान मुलांचा हॅलोविन पूर्वीपेक्षा किती बदललाय? चार वर्षांच्या मुलीला दारोदार न्यावं की पार्किंगमधल्या कार्यक्रमाला?

तुम्ही नुकतेच न्यू जर्सीत आलात, मुलीचा पहिला हॅलोविन आहे (३१ ऑक्टोबर, मुलं सोंगं घेऊन घरोघरी खाऊ मागतात तो दिवस) आणि ऑफिसातले लोक सांगताहेत की दारोदार फिरवू नका, शाळेच्या पार्किंगमध्ये 'ट्रंक ऑर ट्रीट' असतं, म्हणजे गाड्यांच्या डिक्यांतून खाऊ वाटतात, तिथे न्या, ते सुरक्षित. मी १९९४ पासून इथे राहते. माझं उत्तर सरळ आहे: दारोदार न्या. हाच वाद आमच्या घरात जवळजवळ तीस वर्षं चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९९६ साली माझा मुलगा पाच वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्यात आम्ही भाड्याची जागा सोडून घर घेतलं होतं आणि हातात पैसा म्हणून उरला नव्हता. मुलाला वाघ व्हायचं होतं. दुकानातला पोशाख एका संध्याकाळसाठी घेणं जिवावर आलं, म्हणून मी सांगलीहून आणलेली पिवळी चादर फाडून अंगरखा शिवला, कपड्यांच्या रंगाने काळे पट्टे ओढले आणि शेपटीत जुने मोजे भरले. तेव्हा उन्हाळी वेळ संपून घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जायची, त्यामुळे ३१ तारखेला पाच वाजताच काळोख आणि कडाक्याची थंडी. जॅकेट घातलं तर वाघ दिसेना. पोराने दारातच भोकाड पसरलं. शेवटी मी दोन्ही बगला उसवल्या, उरलेल्या चादरीचे तुकडे आत जोडले आणि जॅकेट आतून घातलं. मग हा गुबगुबीत वाघ खाऊ गोळा करायला हातात उशीचा अभ्रा धरून निघाला.

पहिल्याच घरी दार उघडल्याबरोबर तो सरळ आत गेला आणि सोफ्यावर बसला. दार उघडलं की आत जायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. ते घरचे हसले, त्यांनी त्याला पाणी विचारलं. तीन महिने त्या माणसांशी माझं नुसतं हात हलवण्यापुरतं नातं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा बोलणं झालं.

आमच्या शेजारी सत्तरीच्या एक आजीबाई एकट्या राहायच्या. त्यांनी आम्हाला आत बोलावलं आणि मुलाच्या हातात मक्याच्या लाह्यांचा लाडू ठेवला. आपला राजगिऱ्याचा पाकातला लाडू असतो ना, तसाच, फक्त मोसंबीएवढा, मेणकागदात गुंडाळून नारिंगी रिबिनीने बांधलेला. बाईंनी मला उभ्या उभ्या सांगितलं, की त्या लहान असताना या दिवशी मुलं खाऊ मागण्यापेक्षा खोड्याच जास्त काढत, कुणाचं फाटक पळव, कुणाच्या खिडकीला साबण फास. मग युद्धात साखरेचं रेशनिंग आलं, ते १९४७ पर्यंत चाललं. ते उठलं, उपनगरांतून नवी घरं झाली, गल्ल्या मुलांनी भरल्या आणि घरोघरी काहीतरी होऊ लागलं. कुणी कुकी भाजायचं, कुणी सफरचंदं द्यायचं, कुणी मूठभर शेंगदाणे, कुणी नाणं. त्या स्वतः मुलं लहान असल्यापासून, म्हणजे १९५० नंतर, दरवर्षी लाडू वळत आल्या होत्या. 'आता लोक घेत नाहीत, म्हणून फक्त शेजारच्या मुलांसाठी करते,' असं त्या म्हणाल्या. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

घरी येऊन अभ्रा गालिच्यावर उपडा केला. तेवढ्यात माझ्या मोठ्या दिरांचा फोन आला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मी कौतुकाने लाडवाचं सांगितलं, आणि अण्णांचा आवाजच बदलला. 'उघडं, घरी केलेलं काही पोराला देऊ नकोस. आत्ताच्या आत्ता फेक.'

अण्णांच्या भीतीला कारण होतं, ते मी मान्य करते. १९८२ साली ते शिकागोजवळ राहायचे. त्या सप्टेंबरच्या शेवटी तिथे टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरलं आणि सात माणसं गेली. हॅलोविन महिन्यावर होता. त्यांची मुलं सहा आणि चार वर्षांची. तेव्हा खोक्यात प्लास्टिकचा मुखवटा आणि रेनकोटसारखा पातळ झगा मिळायचा, तो घालून दोघं पोरं दिवाणखान्यात बसून राहिली, अण्णांनी उंबरा ओलांडू दिला नाही. लोक मुलांच्या चॉकलेटांचे एक्स-रे काढून घेत होते, असले ते दिवस.

मी लाडू कचऱ्याच्या डब्यात टाकला. रिबीनसुद्धा काढून ठेवली नाही. मागे वळले तर मुलगा स्वयंपाकघराच्या दारात शेपटी हातात धरून उभा होता.

चार-पाच दिवसांनी आजीबाई टपालपेटीपाशी भेटल्या आणि त्यांनी त्याला विचारलं, लाडू आवडला का? मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, आईने कचऱ्यात टाकला. बाई रागावल्या नाहीत. 'हो, आता सगळे तसंच करतात,' एवढंच म्हणाल्या आणि पत्रं घेऊन आत गेल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या दारात दुकानातल्या छोट्या पॅकबंद चॉकलेटांचं भांडं होतं. लाडू त्यांनी पुन्हा केला असेल तर मला माहीत नाही, आमच्या घरी आला नाही. नंतर त्या मुलीकडे राहायला गेल्या. मी माफी मागितली नाही ती नाहीच.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचलं. जोएल बेस्ट नावाचे समाजशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी १९५८ पासूनच्या बातम्या धुंडाळल्या. अनोळखी माणसाने दारात वाटलेल्या खाऊतल्या विषाने मूल दगावल्याचं एकही पक्कं उदाहरण त्यांना सापडलं नाही. टेक्सासात १९७४ साली एक मुलगा सायनाइड घातलेल्या गोडाने गेला, हे खरं. पण ते विष त्याच्या जन्मदात्या बापाने विम्याच्या पैशासाठी घातलं होतं. आणि शिकागोतल्या बाटल्या तर दुकानाच्या फळीवरच्या होत्या, म्हणजे ज्या दुकानी मालावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो त्यातल्या. संशय मात्र आला शेजारणीच्या लाडवावर. हे मी अण्णांना दहादा सांगितलंय. ते म्हणतात, एक लाडू गेला तर काय बिघडलं?

काय बिघडलं ते मागच्या वर्षी बघितलं. माझा नातू आता चार वर्षांचा आहे. सून आणि मुलगा त्याला ट्रंक ऑर ट्रीटला घेऊन गेले, मीही गेले. चर्चच्या आवारात १९९० च्या दशकात हा प्रकार सुरू झाला, आता शाळा, देवळं, पोलीसठाणी, सगळीकडे आहे. गाड्या पाठमोऱ्या लावलेल्या, डिक्या उघड्या, त्यात कोळ्यांची जाळी आणि दिव्यांच्या माळा. पोरं रांगेने पुढे सरकतात आणि प्रत्येक डिकीतून पिशवीत काहीतरी पडतं. पंचवीस मिनिटांत चाळीसेक गाड्या झाल्या. नातवाने एकाही माणसाच्या तोंडाकडे बघितलं नाही. बेल वाजवायला टाचा उंच करणं नाही, दाराआड पावलं वाजताहेत ती ऐकत थांबणं नाही, आत कोण असेल ही पोटातली धाकधूक नाही. अहो, चार वर्षांच्या मुलाला हॅलोविन म्हणजे तेवढंच तर असतं! मी मुलाला म्हटलं, आपल्या गल्लीत का नाही नेत याला? तो शांतपणे म्हणाला, 'आई, लाडू तूच टाकला होतास ना.'

म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर गप्प बसवलं नाही.

बाकी बदल म्हणाल तर पुष्कळ आहेत. मला सगळ्यात खटकतो तो हा, की पोशाख गोंडस होत गेले आणि घरं भयानक. माझ्या मुलाच्या वेळी दारात कोरलेला एखादा भोपळा आणि पेंढ्याचं बुजगावणं असायचं. २०२० पासून बारा फुटी सांगाडे विकायला आले, आता ते आमच्या गल्लीतच तीन आहेत. हे मोठ्यांनी मोठ्यांसाठी मांडलेलं आहे, तुमची मुलगी ते बघून रडणार. उजेड मात्र वाढला. २००७ पासून घड्याळं नोव्हेंबरात मागे जातात, त्यामुळे सूर्यास्त सहाच्या सुमाराला होतो आणि लहान मुलांना साडेपाचला उजेडात फिरवता येतं. २०१२ साली सँडी वादळाने वीज गेली तेव्हा आमच्या गव्हर्नरांनी हॅलोविन ५ नोव्हेंबरला ढकलला होता, एवढं या दिवसाचं इथे महत्त्व. काही शाळांनी त्याचं नाव 'फॉल फेस्टिव्हल' (शरद ऋतूचा उत्सव) केलंय आणि मिरवणूक बंद केलीय.

आपल्यातले काही जण म्हणतात, दारोदार खाऊ मागणं ही भीक आहे. मग लहानपणी आपण 'तिळगूळ द्या' म्हणत आख्खी आळी पालथी घालायचो आणि दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन ओळख नसलेल्यांच्याही घरी शिरायचो, ते काय होतं?

आता दोन-तीन गोष्टी राहिल्या. मुलीला शेंगदाण्याची वगैरे अॅलर्जी असेल तर माझं लाडूपुराण बाजूला ठेवा आणि पाकिटावरचं वाचल्याशिवाय काही देऊ नका. ज्या दारात निळसर हिरवा भोपळा दिसेल तिथे खाण्याऐवजी खेळणं मिळतं. तुमच्या भागात फुटपाथ नसेल किंवा हमरस्त्यावर घर असेल तर पार्किंगमध्येच न्या, कारण खरा धोका गाड्यांचा आहे. १९७५ ते २०१६ च्या अपघातांचा अभ्यास झालाय, त्यात हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांचे मृत्यू इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त निघाले. हात सोडू नका. गल्लीतली आठ-दहा घरं पुरेत, ज्यांच्या पोर्चचा दिवा चालू आहे तीच. आणि प्रत्येक दारी तुम्हीही पुढे होऊन आपलं नाव सांगा, कोणत्या घरात राहतो ते सांगा. कुणी घरी केलेलं दिलं तर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण टाकणारच असाल तर मूल झोपल्यावर टाका.

पोशाख एक माप मोठा घ्या. जॅकेट आतून घालता येतं.