पाठीमागची दोन बोटं

वाचकांचे प्रश्न

ग्रीनलँड पद्धतीच्या कयाकबद्दल (वरून झाकलेली, एकट्यानं वल्हवायची अरुंद होडी) आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांची मुळं त्यातच आहेत.

प्रश्न (सातारा): उंची 168 सेंमी, वजन 68 किलो, बसल्यावर नितंबांची रुंदी 36 सेंमी, बूट आठ नंबर. हिवाळ्यात तापोळा-बामणोली भागात आणि मालवणच्या समुद्रात दोन-दोन दिवस सामान घेऊन फिरायचं आहे. रोलही शिकायचा आहे, म्हणजे पालथं होऊन बाहेर न पडता सरळ यायचं. दोन्हीला एकच कयाक चालेल का? मापं द्यावीत.

उत्तर: चालेल, पण कुठं तडजोड करायची ते आधी ठरवायला हवं.

ग्रीनलँडमध्ये कयाक ज्याची त्याच्या अंगावर बेतली जाई, सदऱ्यासारखी. मापंही अंगाचीच, आणि आपल्या वाव (पसरलेल्या दोन्ही हातांच्या टोकांमधलं अंतर), हात (कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत), मूठ यांच्याशी ती छान जुळतात. लांबी साधारण तीन वाव. रुंदी नितंब अधिक दोन मुठी. बैठकीमागे बाजूच्या फळीपर्यंतची खोली म्हणजे एक मूठ आणि तिच्यावर ताणलेला अंगठा. तुमचा वाव 170 सेंमी धरला तर लांबी 510, रुंदी 53 आणि मागची खोली 16 ते 17 सेंमी येते. ही सुरुवात आहे, शेवट नव्हे.

आता वजन मांडा. तुम्ही 68, प्लायची कयाक 24, पाणी आणि सामान 20, एकूण 112 किलो. म्हणजे गोड्या पाण्यात 112 लिटर पाणी बाजूला सारलं जाणार. पाण्याच्या रेषेवर लांबी 4.5 मीटर आणि रुंदी 47 सेंमी राहिली, तर ही होडी सुमारे 11 ते 12 सेंमी बुडते, आणि पुढच्या प्रत्येक 13-14 किलोला आणखी एक सेंटिमीटर. समुद्राचं पाणी जड म्हणून तिथं ती वर तरंगेल असं बरेच जण मानतात. तरंगते, पण जेमतेम 2 मिलिमीटर. तो विचार सोडून द्या.

खरी रस्सीखेच मागच्या डेकवर, म्हणजे पाठीमागच्या झाकलेल्या भागावर आहे. ग्रीनलँडचे बरेचसे रोल पाठ मागच्या डेकवर टेकवून पूर्ण होतात. अंग आडवं राहिलं की त्याचं वजन होडीच्या अक्षाजवळ येतं आणि ती थोड्या जोरात फिरते. डेक किंवा आत बसायच्या तोंडाची मागची कड उंच असेल, तर पाठीची कमान होते, नितंब बैठकीवरून उचलले जातात आणि मांड्यांची पकड सुटते. म्हणून फक्त रोलसाठी बांधणारे मागची खोली 15 सेंमीवर आणतात. पण तुमच्या 112 किलोला त्यातले 11-12 पाण्याखाली गेले, की वर उरतात तीन-साडेतीन, म्हणजे दोन बोटं. प्रत्येक लाट मागून चढणार आणि सामानाला जागाही नाही. उलट फिरणाऱ्यांच्या कयाकची 20 सेंमी खोली ठेवली, तर नवशिक्याला मागे रेलताच येत नाही.

आमचं मत असं की 17 वर थांबा आणि हवी ती जागा पुढून काढा. मागचा डेक सपाट आणि खाली, पुढचा डेक उंच. मांडीवरच्या वाकवलेल्या बांकापाशी (डेकखालच्या आडव्या लाकडापाशी) तळापासून 25 सेंमी, पायांच्या टोकाशी 23. या बांकाला ग्रीनलँडची माणसं ‘मासिक’ म्हणतात (तुमच्या हातातल्या मासिकाशी त्याचं काही नातं नाही). सामानाला आणखी जागा हवी तर खोलीऐवजी लांबी 15 सेंमी वाढवा आणि 525 करा. बूट घालून पाऊल उभं राहणार नाही, 27 सेंमीचं पाऊल 23 मध्ये मावत नाही. पातळ मोजे घालून पावलं बाहेर कलती ठेवायची, सवय होते.

लाकूड कापण्याआधी ही चाचणी घ्या. जमिनीवर पाय लांब करून बसा, कमरेमागे 15 सेंमी उंचीची वह्यांची चळत ठेवा (17 मधून तळ आणि बैठक वजा) आणि खांदे मागे न्या. नितंब न उचलता रेलता आलं तर माप बरोबर. न आल्यास एक वही कमी करा. दोन वह्या काढाव्या लागल्या, तर आधी कंबर मोकळी करायचा व्यायाम सुरू करा.

बाजू उभ्या रेषेपासून सुमारे 30 अंश बाहेर झुकवा, तळाला 12 ते 15 अंशांचा व्ही द्या. सपाट तळ काठावर बसल्या बसल्या भरवशाचा वाटतो, लाटेत मात्र तो पाण्याच्या उतारासोबतच कलतो. झुकलेल्या बाजूंची होडी आधी डळमळते आणि कलली की मग टेकू दिल्यासारखी थांबते. पहिल्याच दिवशी ती ‘हलते’ म्हणून रुंदी 58 करू नका. रुंद होडी पालथी झाली की तशीच आनंदात राहते.

वेगाचा हव्यास नको. 4.5 मीटरच्या रेषेला वरची मर्यादा ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास येते, पण दिवसभर टिकणारा वेग साडेपाच-सहाच. बैठक शेवटपर्यंत चिकटवू नका. स्थिर पाण्यात सामानासह बसा, नाळ (पुढचं टोक) आणि मागचं टोक किती बुडतं ते सोबत्याला पाहू द्या. मागचं एक-दोन सेंटिमीटर जास्त बुडेल अशी जागा सापडली की खूण करा. मागचं टोक हलकं राहिलं तर ते वाऱ्यानं घसरतं आणि नाळ वाऱ्याकडे वळत राहते. वाऱ्याच्या बाजूला थोडी कलवून चालवली की ते सावरतं. दिवसभर तसं चालवणं जिकिरीचं, म्हणून फिरण्यासाठी मागे तळाखाली 5-6 सेंमी खोलीचा छोटा पंखा (माशाच्या परासारखी उभी फळी) बांधता येईल असा ठेवा. बैठक म्हणजे एक सेंटिमीटरचा फोम, बस. दोन-तीन सेंटिमीटर उंच बसलात की तीच होडी वेगळी वाटते. पाठीला खुर्चीसारखी उंच पाठ अजिबात नको.

प्रश्न (मिरज): प्लायची करावी की लाकडी सांगाडा करून वर कापड ताणावं? सुतारकाम येतं, फायबरचं काम येत नाही.

उत्तर: सामान नेणार असाल तर प्लाय, कारण आत दोन आडव्या भिंती घालून पुढचा-मागचा कप्पा बंद करता येतो. कापडी होडीत भिंती जमत नाहीत, हवेच्या पिशव्या कोंबाव्या लागतात. पण ती हलकी होते आणि रोलला फार गोड.

प्लाय आयएस 710 शिक्क्याचा (हा मरीन प्लायचा शिक्का), 4 मिलिमीटर, आठ बाय चारचे तीन ताव. शिक्क्यावर विसंबू नका, कोपऱ्याचा तुकडा चार तास उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले तर ताव परत करा. ताव जोडताना तिरका सांधा जाडीच्या आठपट, म्हणजे 32 मिलिमीटर. पट्ट्या 10-10 सेंमीवर भोकं पाडून 18 गेज तांब्याच्या तारेनं टाचायच्या, मग आतून इपॉक्सीत (राळ आणि हार्डनर कालवून घट्ट होणारा चिकट पदार्थ) बारीक भुसा मिसळून सांधे भरायचे.

बिघडतं ते बहुधा इथंच. टाचलेली होडी पिळलेली असते आणि ते डोळ्याला कळत नाही. सांधे भरण्याआधी दोन सरळ पट्ट्या पुढे-मागे आडव्या ठेवून एकीच्या वरून दुसरीकडे पाहा. दोन्ही समांतर दिसेपर्यंत तारा सैल करून पीळ काढा. सांधा सुकल्यावर तो जन्माचा राहतो, आणि अशी होडी सरळ वल्हवली तरी एकाच बाजूला जाते.

दुसरी चूक राळेची. टाक्या आणि बंपर बनवणाऱ्यांकडे मिळते ती पॉलिस्टर, ती लाकडाला नीट धरत नाही आणि काही पावसाळ्यांत पापुद्र्यासारखी सुटते. इपॉक्सीच घ्या, पाच-सहा किलो लागेल, आणि तळाला बाहेरून चौरस मीटरला 200 ग्रॅमचं काचकापड. मिश्रण वजनकाट्यावर मोजा. सांगली-मिरजेच्या एप्रिलमध्ये भांड्यात ठेवलेलं इपॉक्सी बघता बघता तापून धूर सोडतं, म्हणून एका वेळी दीडशे-दोनशे ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. लाकडावरचा पहिला हात सकाळी देऊ नका. ऊन चढतं तशी लाकडातली हवा फुगून बुडबुडे काढते. संध्याकाळी, गारवा उतरताना द्या. पावसाळ्यात थरावर तेलकट साय येते. पुढच्या हाताआधी ती पाण्यानं घासून धुवा, नुसता पॉलिश पेपर मारला तर ती पसरते.

सांगाड्यावरच मन असेल तर बाजूच्या दोन फळ्या बिनगाठीच्या पाइनच्या किंवा देवदारच्या, 20 बाय 65 मिलिमीटर. सागवान टिकाऊ आहे, पण इथं वजन वाढवतं. बरगड्यांना कोकणातला भरीव माणगा बांबू चांगला. 20 बाय 6 मिलिमीटरच्या कांबी काढून गरम करून वाकवा, हिरवी साल बाहेरच्या अंगाला ठेवा, उलट ठेवली तर चिरते. कीड लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड मिळून पाच टक्क्यांच्या पाण्यात आठवडाभर भिजवा. बांबू फोडायला बुरुडाला बोलवा, कांबी एकसारख्या जाडीच्या निघतात. सांधे खिळ्यांनी नको, दोऱ्यानं आवळून बांधा, सांगाडा लाटेत थोडा लवायला हवा. कापड पॉलिस्टर घ्या, इस्त्रीनं आवळून ताणता येतं. नायलॉन चिवट, पण भिजलं की सैल पडतं. इचलकरंजीला मिळणारा सुती कॅनव्हास ऑइलपेंट लावून चालतो, फक्त ओला गुंडाळून ठेवला की कुजतो.

प्रश्न (वाई): वल्हं किती लांब? पातं इतकं अरुंद का?

उत्तर: एक वाव आणि एक हात. 170 चा वाव असेल तर 215 सेंमीच्या आसपास. पात्याची रुंदी साडेआठ ते नऊ, म्हणजे मुठीत धरता येईल इतकीच, कारण रोल करताना हात पात्यावर सरकवून वल्हं लांब करायचं असतं. रुंद पात्याला ते जमत नाही. मधला दांडा 50-52 सेंमी, छेद अंडाकृती, 28 बाय 38 मिलिमीटर. कडा रंध्यानं 5-6 मिलिमीटरपर्यंत आणा, त्याहून पातळ केल्या तर दगडावर ढलपी उडते. रेषा सरळ असलेलं हलकं लाकूड घ्या आणि व्हार्निशऐवजी जवसाचं तेल चोळा, ओल्या हातातून निसटत नाही. चालवताना पातं फडफडत असेल तर वरची कड थोडी पुढे झुकवा.

प्रश्न (कराड): रोल करताना अर्ध्यापर्यंत वर येतो आणि पुन्हा कोसळतो. जोर कमी पडतो का?

उत्तर: जोर बहुधा जास्तच पडतो. श्वासासाठी डोकं आधी वर काढलं जातं, आणि डोकं वर गेलं की होडी खाली जाते. डोकं शेवटी, मागच्या डेकवर घासत यायला हवं. नजर पात्यावर ठेवा, डोकं आपोआप मागे राहतं. पातं खोल बुडत असेल, तर ते पाण्याच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या बाजूला झाडू फिरवल्यासारखं न्या, खाली दाबू नका. मग होडी तपासा. पालथं असताना मांडी बांकापासून एक सेंटिमीटर जरी सुटली, तरी तुम्ही फिरता, होडी फिरत नाही. तिथं आणि नितंबांच्या बाजूंना फोमचे तुकडे बसवा, पण आधी बाहेर पडायचा सराव दहा वेळा झालेला असू द्या. आठवडाभर रोल विसरून कमरेइतक्या पाण्यात सोबत्याच्या आधारानं कुशीवर, पाठ सैल सोडून नुसतं तरंगा. हे जमलं की निम्मा रोल जमला.

ग्रीनलँडच्या स्पर्धेत रोलचे तीसहून अधिक प्रकार करून दाखवतात. तुम्हाला एक पुरे, पण दोन्ही बाजूंनी.

प्रश्न (सांगली): घाटावर कृष्णेत सराव केला तर?

उत्तर: नको. सांगलीपासून भिलवडी, औदुंबर, अंकलखोपपर्यंतच्या पात्रात मगरी आहेत, आणि पालथं लटकून सराव करण्याचं ते ठिकाण नव्हे. पोहण्याच्या तलावात रिकाम्या वेळेची परवानगी मागा. होडी धुऊन न्या, दोन्ही टोकांना फोम बांधा, फरशी फुटली तर पुन्हा कुणी आत घेणार नाही. तापोळा-बामणोलीच्या शिवसागर जलाशयाचा बराच काठ कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, म्हणून उतरायचं किंवा मुक्काम करायचा तर वनखात्याची परवानगी आधी काढा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात, तेव्हा तिथं रोल करू नका. तरंगवणारं जाकीट प्रत्येक वेळी अंगावर. रोल शिकताना जाड जाकीट मागे रेलायला आड येतं, तर पाठीला पातळ असलेलं घ्या, काढून ठेवू नका.