सातव्या तारेचा आवाज दबतोय? नवा पिकअप घेण्याआधी पॉट बघ

तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. साताऱ्यात बसून ड्रॉप एमध्ये (सर्वात जाड सातवी तार खालच्या 'ए' सुराला उतरवून) वाजवणारा माणूस, सात तारांच्या गिटारीतले ईएमजी (सेलवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह पिकअप; पिकअप म्हणजे तारांची थरथर उचलून अ‍ॅम्पकडे पाठवणारा भाग) काढून दुकानातून पॅसिव्ह, म्हणजे बिनसेलचे पिकअप बसवून घेतले, आणि आता पाम म्यूट मारला (तळहाताने तारा दाबून वाजवलं) की नुसतं 'भूम' येतं, तारेवर पिक पडल्याचा कडकपणा कुठेच नाही. दुकानदार म्हणतो पिकअपच चुकीचा आहे, दुसरा घ्या. तू विचारतोयस नाझगुल पिकअप घेऊ की डी अ‍ॅक्टिव्हेटर. माझं उत्तर: आत्ता काहीच घेऊ नकोस. आधी पॉट बघ, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा रोधक.

हेच सगळं माझ्यासोबत झालंय. मी सांगलीचा. पुण्यातल्या एका दुकानात गिटार दिली होती, नाव लिहीत नाही. अ‍ॅक्टिव्ह काढून पॅसिव्ह बसवायचे, एवढंच काम. घरी आणून लावली तर आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा. फोन केला. "सात तारांना हा पिकअप सूट होत नाही सर, वरचा मॉडेल घ्या." घेतला. पहिला अर्ध्या किमतीत विकला. दुसराही तसाच! पुन्हा फोन केला तर म्हणे तुमचा अ‍ॅम्प तपासा, आमच्याकडून इतक्या गिटारी जातात, कुणाची तक्रार नाही. शेवटी इथल्याच एका रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी मागचं झाकण उघडलं, पॉट जरा वाकवून त्याची पाठ चष्म्याजवळ नेली आणि म्हणाले, "हा पंचवीस केचा आहे. याला कुठली कॉइल जोडलीय?"

सगळा घोटाळा तिथे होता. (के म्हणजे किलोओहम, रोधाचं माप.) ईएमजी किंवा फ्लुएन्ससारख्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपच्या पोटातच प्रीअ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) असतो, म्हणून त्यांना २५ केचे पॉट चालतात, कंपनीही तेच देते. पॅसिव्ह हंबकर (तुझ्यासारखा दुहेरी कॉइलचा पिकअप) म्हणजे नुसती हजारो वेढ्यांची कॉइल. तिला ५०० के लागतात. त्या कॉइलपुढे २५ केचा भार ठेवलास तर ढोबळ हिशोबाने १ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गळायला लागतं, आणि पिकचा टोला, पाम म्यूटची धार नेमकी तिथे वर असते. खालची ए असते ५५ हर्ट्झची. धार गेली की मागे उरते ती नुसती गुरगुर. नाझगुल लाव, डी अ‍ॅक्टिव्हेटर लाव, बेअर नकल कंपनीचा मागव, त्या पॉटवर सगळे सारखेच दबणार. दुकानाने वायरी तोडून नवीन पिकअप जोडला, पॉट जुनेच ठेवले. दोनशे-चारशे रुपयांच्या भागासाठी मला दुसरा पिकअप विकला, याचा राग अजून गेलेला नाही. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणावं, गिऱ्हाईक थांबतं. नंतर पॉट दाखवले तेव्हाही "तुम्ही आधी सांगायला हवं होतं" हेच ऐकायला मिळालं. पैसे परत मिळालेच नाहीत.

गिटार न उघडताही हे कळतं. मल्टिमीटर घे, २० केच्या रेंजवर ठेव. केबल गिटारीत लाव, व्हॉल्यूम पूर्ण, स्विच फक्त ब्रिज पिकअपवर (तारा खाली जिथे अडकवतात त्या ब्रिजजवळचा). केबलच्या मोकळ्या प्लगच्या अणीवर मीटरची एक काडी, अणीमागच्या धातूच्या नळीवर दुसरी. समजा तुझा पिकअप कागदावर १३ केचा आहे. पॉट ५०० केचा असेल तर मीटर साधारण १२.७ दाखवेल. २५ केचा असेल तर ८.५ च्या आसपास. इतका फरक दिसला की शंकाच नको. (हे एकच व्हॉल्यूम पॉट असलेल्या गिटारीसाठी. दोन व्हॉल्यूम असतील तर मधल्या पोझिशनला आकडे बदलतात, म्हणून ब्रिजवरच मोज.) मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माणूस नाही, पण एवढं मोजायला ते लागतही नाही.

तू गुणगुण येते असंही लिहिलंयस. ईएमजी लावताना ब्रिजकडे जाणारी अर्थची वायर जोडू नका असं कंपनीच सांगते, त्यामुळे ती बऱ्याचदा कापलेली असते. पॅसिव्ह बसवताना ती परत जोडावी लागते. तारांना हात लावून बघ, मग जॅकच्या धातूला लाव. जॅकला हात लावल्यावर गुणगुण कमी होते आणि तारांना लावल्यावर काहीच फरक पडत नाही, तर ती वायर गायब आहे. तारांनी कमी होत असेल तर वायरिंग ठीक, घराचं अर्थिंग बघ. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवत असशील तर त्या वेळच्या आवाजावरून कुठल्याच पिकअपचा निकाल लावू नकोस. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर हाय गेनवर भयंकर कर्कश चिरचिर आणतो.

आता पिकअपचं. माझं मत म्हणून घे, प्रत्येकाचा कान वेगळा. पॉट बदलूनही समाधान नाही झालं तरच हा विषय काढ. तुझ्या गिटारीत ईएमजी होते म्हणजे पिकअप बसायच्या खाचा मोठ्या, साधारण ८९ बाय ३८ मिलिमीटरच्या, चारी बाजूंनी बंद खोक्याच्या. पॅसिव्ह घेताना त्याच मापाच्या कव्हरमधला मागव. सेमूर डंकन कंपनीचे नाझगुल, सेन्शियंट, पेगासस या मापात आणि नेहमीच्या पॅसिव्ह मापात, दोन्हींत येतात. "सात तारांचा आहे ना, बसेल" असं कुणी म्हणालं तरी स्वतः मोज. लाकूड कोरून खाच वाढवायला कुणालाही देऊ नकोस.

नुसती ऱ्हिदम, ड्रॉप ए, भरपूर गेन (आवाज फाटेपर्यंत चढवलेला अ‍ॅम्प) असेल तर मी ब्रिजला नाझगुल घेईन. सिरॅमिक मॅग्नेट, उद्धट आवाज, पण क्लीनला, म्हणजे न फाटलेल्या स्वच्छ आवाजाला, रुक्ष. क्लीन आणि लीडही बरंच वाजवत असशील तर पेगासस, त्यात अल्निको ५ मॅग्नेट आहे आणि कॉर्डमधला एकेक सूर सुटा ऐकू येतो. डी अ‍ॅक्टिव्हेटर मी वाजवलाय, वाईट नाही, पण माझ्या हाताला जरा कोरडा वाटला. आणि खरं सांगू, तुझे काढलेले ईएमजी अजून घरात असतील तर विकू नकोस. पॉट २५ केचे निघाले तर ते त्यांना चालतीलच. परत लावून, नवा सेल टाकून ऐक. केबल काढून ठेवायची सवय लाव, जॅकमध्ये प्लग राहिला की सेल चालू राहतो.

तारा कुठल्या, हे तू लिहिलेलंच नाहीस. खालच्या ए साठी ०.०६२ इंच जाडीच्या खाली मी जात नाही. ०.०५४ ढिली पडते आणि तो ढिलेपणा लोक पिकअपच्या माथी मारतात. जाड तार लावलीस तर नटची (गिटारीच्या डोक्याजवळ तारा ज्या पट्टीवरून जातात तिची) खाचही रुंद करावी लागेल, नाहीतर तार वर बसते आणि सूर टिकत नाही. माझी खाच मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरांनी बारीक कानशीने करून दिली. इलेक्ट्रिक गिटार त्यांनी हातात पहिल्यांदाच घेतली होती, पण सतारीची जव्हारी (तारांखालची घोडी घासून आवाज जुळवणं) काढणारा हात तो, इतकं नेमकं काम मला गिटारवाल्यांकडून कधी मिळालं नव्हतं. साताऱ्याहून साधारण १३० किलोमीटर आहे, पण नटसाठी जाशील तर वाया जाणार नाही.

अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमरसारखा ओव्हरड्राइव्ह पेडल असेल तर त्याचा ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल वर. खालचा फुगवटा तो तिथेच कापतो. उसना मिळाला तर आणून बघ.

आधी मीटरचं रीडिंग घे. मग झाकण उघडून पॉटच्या पाठीवर काय छापलंय ते वाच, २५के की ५००के. दोन्ही इथे टाक, वायरिंगचा स्पष्ट फोटोही टाक. २५ निघाले तर ५०० केचे दोन पॉट, व्हॉल्यूमला एक, टोनला एक. घेताना जुन्या पॉटचा दांडा किती जाड आणि किती लांब तेही मोजून ने, जुनी नॉब बसली पाहिजे. सोल्डरिंग येत नसेल तर त्या दुकानात परत जाऊ नकोस, गल्लीतला रेडिओ-टीव्हीवाला अर्ध्या तासात करून देईल, फक्त त्याच्या शेजारी बसून करून घे.