बेल वाजली की गॅस बंद

"ताई, मागच्या महिन्यात कॉलेजच्या सात मैत्रिणींना घरी जेवायला बोलावलं होतं. पनीर बटर मसाला, छोले, जीरा राइस, फुलके, गाजर हलवा, सगळं स्वतः केलं. पण मी शेवटपर्यंत फुलकेच लाटत राहिले आणि पनीर चिवट झालं. निघताना सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणाली, 'पुढच्या वेळी बाहेरच भेटू या गं.' ते फार लागलंय मनाला. नवरा म्हणतो, बाहेरून मागव. पुन्हा बोलवावंसं वाटतं, पण धीर होत नाही."
– एक वाचक, पुणे

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पाच पदार्थांची नावं आहेत त्यात, पण त्या रात्री मैत्रिणी काय बोलल्या, कशावरून हसल्या, याची एक ओळ नाही. असणार तरी कशी? त्या सात जणी हॉलमध्ये आणि तू ओट्यापाशी, घामाघूम. 'बाहेरच भेटू या' ऐकून तुला वाटलं, जेवण आवडलं नाही. मला वाटतं, तिला तू हवी होतीस. हॉटेलात निदान तू तिच्या शेजारी बसशील, एवढंच तिच्या मनात असावं.

बाहेरून मुळीच मागवू नकोस. तुला करून घालायची हौस आहे, ती मोडू नये. फक्त मेनू बदल. एकटीने आठ जणांना फुलके करायचे म्हणजे माणशी तीन धरले तरी चोवीस होतात, आणि प्रत्येक गरमच हवा. पुऱ्यांचंही तेच. पनीर ग्रेव्हीत फार वेळ उकळलं की चिवट होतंच. त्यात तुझ्या हाताचा दोष नाही.

आमच्या दोन खोल्यांच्या घरात माझी आई दहा-दहा माणसं जेवू घालायची, ती मसालेभातावर. पाहुणे यायच्या तासभर आधी जाड बुडाचं पातेलं उतरवायची, झाकण घट्ट लावून जुन्या चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची आणि हातपाय धुऊन बाहेर येऊन बसायची. वाढायच्या वेळी झाकण निघालं की गोड्या मसाल्याचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा. बोलणारे गप्प व्हायचे. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर आणि साजूक तुपाची धार. तो भात जरा मुरला की जास्तच चांगला लागतो, उशीर झाला तरी बिघडत नाही.

तू तेच कर. आठ जणींना पाऊण किलो तांदूळ पुरे, तोंडली सढळ हाताने घाल. सोबत मटकीची उसळ. शनिवारी रात्री जेवण असेल तर मटकी गुरुवारी रात्री भिजत घाल, शुक्रवारी सकाळी उपसून फडक्यात बांध, शनिवारी मोड छान आलेले असतील. उसळ दुपारीच करून ठेव. श्रीखंड आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये. पापड संध्याकाळी सहाला तळून डब्यात. काकडी आधी चोचवून ठेव, पण मीठ आणि दही वाढतानाच घाल, नाहीतर कोशिंबिरीला पाणी सुटतं. बेल वाजली की गॅस बंद, हा नियम स्वतःला घालून घे.

आता नवरा. तुला दमलेलं पाहून तो 'बाहेरून मागव' म्हणाला असेल, म्हणून त्याच्यावर चिडू नकोस. पण 'जरा मदत कर ना' एवढं मोघम सांगून काही होत नाही. मठ्ठा त्याच्याकडे सोपव. घुसळणं, आलं-मिरची वाटून लावणं, कोथिंबीर, मीठ, चव बघणं, सगळं त्याचं. ताटं मांडणं आणि पाणीही त्याच्याकडे. मीठ कमी पडलं तर पडू दे, तू मध्ये जाऊ नकोस.

आणि त्या मैत्रिणीला आजच फोन कर. तिचं वाक्य मनाला लागलं हे तिला सरळ सांग. मनात ठेवशील तर पुढच्या वेळीही तिच्या प्रत्येक घासाकडे बघत बसशील. मग सांग, शनिवारी सगळ्यांच्या आधी अर्धा तास ये. ओट्याशेजारी स्टूल ठेव, चहा टाक, आणि भातावर घालायचा नारळ तिलाच खवायला दे.