मॅकग्रेगर हे आडनाव कुठून आलं, आणि जुन्या नोंदींत ते मध्येच का गायब होतं?

प्रश्न थोडक्यात असा: सासरचं आडनाव मॅकग्रेगर, मूळ स्कॉटलंडमधल्या पर्थशायरचं. चर्चच्या दप्तरात १७७० च्या दशकापर्यंत घराणं मागे नेता येतं, त्याआधी हे आडनावच दिसत नाही. कुटुंब दुसरीकडून येऊन तिथं वसलं असेल का? आणि आडनावाचा अर्थ काय?

कुटुंब बहुधा तिथंच होतं. आडनाव लावायला बंदी होती.

आधी अर्थ. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ‘ग्रिगर’ हे ग्रेगरी या नावाचं गेलिक (स्कॉटिश डोंगराळ भागाची जुनी भाषा) रूप, मूळ ग्रीक अर्थ ‘जागता राहणारा’. गेलिकमध्ये बाईच्या नावापुढे मॅक लागत नाही, ‘निक’ लागतं. म्हणजे ‘मॅकची लेक’. इंग्रजी कागदांत हा फरक पुसला गेला आणि बायकाही मॅक झाल्या. मॅक पूर्ण लिहिलं तर स्कॉटिश, एम-सी एवढंच लिहिलं तर आयरिश, हे सर्रास सांगितलं जातं; त्यात तथ्य नाही. एम-सी हा लेखनिकांनी केलेला संक्षेप आहे, आणि दोन सख्ख्या भावांच्या नोंदी दोन तऱ्हांनी सापडतात.

कुळाचं ब्रीद ‘राजवंशी माझं कूळ’ असं आहे आणि परंपरेनं ते नवव्या शतकातल्या अल्पिन राजाशी नातं सांगतात. त्याला कागद नाही. कागदात नीट पकडता येतो तो चौदाव्या शतकातला इयन कॅम, म्हणजे एकाक्ष इयन. त्याचा मृत्यू १३९० चा. त्याचा बाप ग्रेगर, आणि आडनाव त्याच्यावरून पडलं असं मानणं सर्वांत सुरक्षित. मुलूख ग्लेन ऑर्खी, ग्लेनस्ट्रे, ग्लेन लायन या खोऱ्यांचा. अडचण अशी की कसणारे हे आणि सातबारा शेजारच्या बलाढ्य कॅम्पबेल कुळाचा, तशातली गत. सनदा कॅम्पबेल मिळवत गेले, आणि मॅकग्रेगर आपल्याच खोऱ्यांत उपरे होऊन गुरं पळवण्यावर आले.

७ फेब्रुवारी १६०३ रोजी ग्लेन फ्रुइनमध्ये त्यांनी लस या गावच्या कहून घराण्याची माणसं कापली. (इंग्रजी स्पेलिंग पाहून ‘कोलक्वहून’ वाचू नका.) ३ एप्रिलला प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळानं, हुकूम काढला: हे आडनाव टाका, नाहीतर देहदंड. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडची गादी घ्यायला एडिंबरोहून निघाला तो त्यानंतर दोनच दिवसांनी. कुळाचा प्रमुख, ग्लेनस्ट्रेचा अ‍ॅलस्टर, जानेवारी १६०४ मध्ये एडिंबरोत फाशी गेला. पुढे चारपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही आणि मांस कापायच्या बिनटोकाच्या सुरीपलीकडे हत्यार बाळगायचं नाही, अशी कलमं आली.

तुमच्या शोधाला नडतो तो मुख्यतः १६३३ चा कायदा. त्यानं पाद्र्यांना या नावानं मुलाचा बाप्तिस्मा करायला आणि लेखनिकांना या नावानं दस्त करायला मनाई केली. म्हणजे नोंद हरवलेली नाही, या नावानं ती झालीच नाही. बंदी १६६१ साली दुसऱ्या चार्ल्सनं उठवली, १६९३ साली परत लागली आणि १७७४ साली कायमची गेली. तुमचा धागा तुटतो तो अगदी इथंच. या कुळातला सर्वांत प्रसिद्ध माणूस रॉब रॉय हाही १६९३ नंतर ‘कॅम्पबेल’ अशी सही करत असे; ते त्याच्या आईचं माहेरचं आडनाव.

म्हणून १७७४ च्या मागे मॅकग्रेगर शोधू नका, ‘ऊर्फ’ शोधा. पर्थशायरमध्ये ड्रमंड, मरे, कॅम्पबेल, स्ट्युअर्ट, ग्रॅहम ही आडनावं घेतली गेली. पुष्कळदा ज्याच्या जमिनीवर राहायचं त्याचंच. ग्रेगर ड्रमंड असं नाव दिसलं तर थांबा, जुनं आडनाव पहिल्या नावात लपलेलं असू शकतं. उलट, प्रत्येक ड्रमंड मूळचा मॅकग्रेगर नसतो. ही चूक फार जण करतात.

कामाचा क्रम मात्र उलटा ठेवा, आजकडून मागे. ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर शोधताना एम, तारा, जी-आर-ई-जी, तारा, आर असं टाका, म्हणजे बहुतेक स्पेलिंगं एकदम येतात. सक्तीची नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासूनची. मृत्यूच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं, तो घ्याच. १८५५ या एका वर्षाच्या दाखल्यांत जादा तपशील आहे, म्हणून त्या वर्षी घरात कोणाचा जन्म, लग्न किंवा मृत्यू झाला का ते आधी पाहा. १८४१ च्या जनगणनेतली वयं जशीच्या तशी धरू नका. पंधरावरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवलेली आहेत. त्याच्या मागे चर्चची दप्तरं. त्यांत लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव लिहिलेलं असतं, ते पकडलं की नवऱ्याचं आडनाव बदललं तरी जोडपं ओळखता येतं. थोरल्या मुलाला आजोबांचं आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव ठेवायची चालही उपयोगी, पण ती पुरावा नव्हे. दप्तर संपलं की १७४५ च्या बंडानंतर जप्त झालेल्या इस्टेटींचे कागद पाहा. एडिंबरोच्या नॅशनल रेकॉर्ड्समध्ये ते आहेत आणि त्यांत जमीन कसणाऱ्या कुळांच्या याद्या सापडतात.

याचा एक धागा आपल्याकडेही येतो. फेब्रुवारी १८१८ मध्ये खानदेशातल्या थाळनेर किल्ल्यात दिंडी दरवाजातून शिरताना जबर जखमी झालेला लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे हा पुढे या कुळाचा प्रमुख झाला. ‘मरे’ हे बंदीच्या काळातलं ऊर्फ. त्याचे वडील बंगालमध्ये कंपनीच्या फौजेत होते आणि ८२६ जणांनी सह्या करून त्यांना प्रमुख मानलं होतं. राजाचा परवाना काढून मॅकग्रेगर आडनाव परत लावलं गेलं ते १८२२ साली, कायदा उठून ४८ वर्षं झाल्यावर. तेव्हा तुमच्या घराण्यानंही १७७४ सालीच नाव बदललं असेल असं धरून चालू नका. एक भाऊ मॅकग्रेगर आणि दुसरा ड्रमंडच राहिला, असंही होतं.

वाय-डीएनए चाचणी करायची तर ती सासऱ्यांची किंवा यजमानांची करा. ती फक्त बापाकडची ओळ दाखवते. जुळणाऱ्यांत ड्रमंड किंवा मरे आले तर दचकू नका, इथं ते अपेक्षितच आहे. यादीत पर्थशायरच्याच एखाद्या ऊर्फवाल्याशी जवळची जुळणी निघाली, तर त्याच आडनावानं त्या परिसराच्या चर्चचं १७७४ आधीचं दप्तर उघडा.